जानेवारीपुरतं

लेक म्हणाली होती, किल्ला बघून या.
पण चढावर वारा असा सुटलेला
की टोपी धरून पहिल्याच दारात शिरलो.
एडिंबरा, दुपारचे साडेतीन,
बाहेर दिवेलागण.

आत जलरंग. वर्षातून एकच महिना भिंतीवर,
कारण या दिवसांत इथला उजेड अशक्त असतो,
इशबेल म्हणाली. तिथली राखणदार,
कानटोपीतच बसलेली.
उजेड रंग खातो. कसर लागावी तसा, गुपचूप.

आणि उरलेले अकरा महिने?
पेटीत.
तेव्हा कोण बघतं?
कुणी नाही. म्हणून तर टिकलीत.

एका चित्रात तळं होतं, किंवा नुसतं धुकं.
काठाशी एक ठिपका.
माणूस असेल, नाहीतर ब्रश टेकला असेल चुकून.
मी चष्मा पुसला. ठिपका तसाच.

शरयूचा आवाज आहे माझ्या फोनमध्ये,
सव्वा मिनिट. गॅस बंद केलात का, आणि
कोथिंबीर आणा, जून नको.
वर्षातून एकदाच ऐकतो.
ऐकून झिजत नाही तो, ठाऊक आहे मला.
तरी.

घंटा झाली. इशबेलनं पडदे ओढले,
खरं तर ओढण्यासारखं बाहेर काही उरलं नव्हतं.

रात्री लेकीचा फोन. कसा होता किल्ला?
उंच, म्हटलं.