छत्री एक

दिगूदादाने मला नकाशा वाचायला शिकवला
बोरीच्या वाळूत, काडीने.
अंगठ्याचं एक पेर म्हणजे दहा मैल, म्हणायचा.
हे अमळनेर, हे पारोळं, ही वर तापी,
आणि तुझा अंगठा लहान आहे
म्हणून तुझं जग मोठं.

पुढे तो विमानात बसूनही नकाशाच वाचायचा.
बॉम्बर. आत दोघेच:
चालवणारा हेमकांत फुकन, जोरहाटचा,
वाट सांगणारा दिगंबर भामरे, आमचा.
एकाहत्तरचा डिसेंबर, सीमेपलीकडची धावपट्टी, रात्र.
मागच्या विमानाने जे पाहिलं
ते आमच्या ओट्यावर आलं तेव्हा
दीड ओळीचं होतं:
आग दिसली.
छत्री एक उघडलेली दिसली.

त्या थंडीत पलीकडचं स्टेशन रात्री
कैद्यांची नावं वाचायचं.
नंबर, हुद्दा, बापाचं नाव, खरखर.
एकदा ‘भाम’ एवढं ऐकू आलं
आणि मिलचा भोंगा वाजला.
वडील भोंगा संपेपर्यंत
रेडिओवर हात ठेवून उभे होते,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

कैदी परतले. यादीत दोघेही नव्हते.

निरुपमावहिनी आल्या त्या पुढच्या मार्चात,
चार दिवसांचा प्रवास, भुसावळला गाडी बदलून.
आईला अहिराणी, त्यांना आसामी,
मधे माझं शाळेतलं हिंदी.
भरीत खाताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं
आणि कुणी विचारलं नाही कशाचं.
रात्री दोघी ओट्यावर बसल्या,
मधे ती छत्री.
आई म्हणाली, “छत्री एक शे, पोऱ्या दोन शेतस.”
मी याचं हिंदी केलं नाही.
वहिनींनी मान हलवली.

मग आखाजी.
आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांची घागर भरतात,
वर डांगर, सांजोरी,
आणि उंबरठ्यावर ओल्या कुंकवाचं एकेक बोट ओढत
नाव घेतात:
पणजोबा, आजोबा, पटकीत गेलेला काका.
दिगूपाशी आईचं बोट थांबायचं.
“नाव लेऊ की नई?”
वडील टोपी घालून बाहेर निघून जायचे.

सातव्या वर्षी जोरहाटचं कार्ड आलं,
हिंदीत, मोडक्या अक्षरांत:
आम्ही यंदा श्राद्ध केलं.
मुलगी विचारू लागली आहे.
छत्री तुमची.

आईने ते दोनदा वाचून घेतलं
आणि भडकली.
“अशी कशी दी टाकी?”
दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
आखाजीला स्वतः कुंभाराकडे गेली,
एक घागर जास्तीची आणली, भरली,
आणि काकाच्या खाली बोट ओढलं:
हेमकांत.
फुकन तिला जमेना, फुंकन म्हणाली.
ब्रह्मपुत्रेकाठचा तो माणूस
आमच्या उंबरठ्यावर पाणी प्यायला.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला.
भिंतीवरच्या नकाशात त्या देशावरून
छडी भरभर न्यायचे.
पोरींना वाटायचं, परीक्षेला येत नाही.

आता दादा ऐंशीचा.
कवळी असेल. किंवा काहीच नसेल.
असला तर स्वप्नं कुठल्या भाषेत पडत असतील,
आणि आपल्या गावाला तो कुठली दिशा म्हणत असेल?

यंदाही घागरी माझ्याच हाताने.
पणजोबा, आजोबा, काका, हेमकांत,
वडील, आई.
बोट अजून ओलं असतं.
लाकडावर एका पेराएवढी जागा उरली आहे,
माझ्या आताच्या अंगठ्याने दहा मैल.
मी बोट पदराला पुसते
आणि डांगर कापायला बसते.