तिसऱ्यांचा वाटा

देवगडच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान.
चार्जर, स्क्रीनगार्ड, खाडीत पडलेले मोबाईल.
लोक आधी तांदळाच्या डब्यात ठेवून बघतात,
मग माझ्याकडे येतात.
मिठाने खाल्लेला बोर्ड ब्रशने घासताना
कुणाचं काही वाचावं लागत नाही.
(हे कुणाला पटत नाही.)

सुलभा खवळेचा फोन ओहोटीला पडला,
तिसऱ्या काढताना, गुडघाभर चिखलात.
त्यात सदतीस बायकांचा एक ग्रुप आहे.
खाजणात लाल खुंट कुणी ठोकले,
मोजणीवाले कुठल्या पाणंदीने आले,
ग्रामसभेची नोटीस का लागली नाही,
असंच काहीबाही असेल.
असेल म्हणतो, मी पाहिलेलं नाही.

गुरुवारी साध्या कपड्यातला एक जण आला.
चहा घेतला. म्हणाला, उघडून दे, नुसतं बघायचंय.
म्हटलं, तिचं बोट लागेल.
"मग टॉवरवरून काढू."
काढा. तिथे भुगा मिळेल.
या टोकाला शब्द दळले जातात,
हवेतून, समुद्राखालच्या तारेतून
नुसतं पीठ जातं,
आणि ज्याचं त्याच्या हातातच
त्याचे पुन्हा दाणे होतात.
मधल्या कुणाला नाही. कंपनीलाही नाही.

"चोरांचीच सोय."

असेल. कुलूप चोरही लावतो.
पण मला माझी बहीण आठवली.
लांज्याच्या एसटीडी बूथवरून
चार वेळा "बरं आहे" म्हणाली होती,
कारण काचेबाहेर रांगेत
सासऱ्यांचे दोन मित्र उभे होते.
बरं नव्हतं.

तेवढ्यात सुलभाच आली, डोक्यावर पाटी.
त्याने तिलाच विचारलं,
लपवण्यासारखं काही नाही, तर एवढं कुलूप कशाला?

ती बोलली नाही. पाटी उतरवली.
एक तिसरी किंचित उघडी होती,
तिला नखाने टोचलं.
ती मिटली.
"ही जित्ती. हात लावल्यार मिटता."
दुसरी टोचली. तशीच आ वासून राहिली.
तिला गटारात टाकलं.
"ही मेली. असली मी कोणाक इकणंय नाय."

तो थोडा वेळ पाटीकडे बघत राहिला.
मग भाव विचारला. शंभर रुपये वाटा.
घेतला. घासाघीस न करता.

फोन अजून माझ्या खणात आहे,
डिस्प्ले कणकवलीहून यायचाय.
काल शटर ओढताना
आतल्या आत दोनदा थरथरला.
मी दिवा मालवला.