पाय टेकू नयेत

पडले तेव्हा मी चालवतही नव्हते.
रिव्हर्टनच्या पंपावर पेट्रोल भरून झालेलं,
झाकण लावत होते, आणि गाडी
पेंगुळलेल्या गायीसारखी, निवांत,
डावीकडे कलत गेली.
दोनशे अठरा किलो. माझा डावा गुडघा
मागच्या वर्षीपासून धातूचा.
मी तिला सावरलं नाही,
नुसती सोबत केली खालपर्यंत.

पंपावरच्या पोराने दोघींना उचललं,
आधी गाडीला.
"लागलं का हो, आजी?"
तो शब्द हेल्मेटच्या आत
घरापर्यंत घुमत राहिला.

नेव्हिलला जेवताना सांगितलं,
दोन चाकं विकावीत म्हणते. तीन घ्यावीत.
तो काही बोलला नाही. बटाटे संपवले.
शार्लीन फोनवर म्हणाली, तीन चाकं म्हणजे
व्हीलचेअरच्या अलीकडचा थांबा.
एकोणीस हजार डॉलर द्यायचे त्या थांब्याचे?
रात्रभर आकडे उलटसुलट केले.

सकाळी शेडकडून मोजपट्टीचा आवाज,
सर्रकन आत जाणारा. पुन्हा एकदा.
मग करवतीचा.
दाराची चौकट दोन्ही बाजूंनी कापून
नेव्हिलने अर्धा फूट रुंद केली होती.
मी अजून ठरवतच होते.

जुनी गाडी घेऊन गेला तो मुलगा
कोपऱ्यावर इतका सुंदर झुकला
की मी आत जाऊन घासलेलीच भांडी घासली.

गोरचा मेंढीबाजार रविवारी ओस असतो.
तिथे लेस पॉमरॉय, वय सत्त्याहत्तर,
जन्मभर मेंढ्यांची जंतांची औषधं विकलेला,
गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला,
"चाळीस वर्षं चालवलीस ना, रेविन?
मग सगळ्यात अवघड तुलाच जाणार."

पहिल्या वळणावर मी झुकले.
खांद्याने, कमरेने, सवयीने,
डावीकडे जायला डावं हँडल पुढे ढकललं.
गाडी निघाली उजवीकडे,
थेट कोकरांच्या कुंपणात.
एक फळी गेली.

मोडेन पण वाकणार नाही,
अशी माणसं पाहिली होती (एकाशी लग्नही केलं).
आता हे यंत्र तसलं.
"अंगाने बोलू नकोस तिच्याशी," लेस म्हणाला,
"हँडल वळव. तीन वर्षांची होतीस तेव्हा वळवायचीस तसं."

तीन वर्षांची होते तेव्हा माझ्याकडे
लाल तिचाकी होती, मागे पत्र्याची पेटी.
पेटीत एक जिवंत कोंबडी बसवून
मी तिला अंगणभर हिंडवायचे.
कोंबडीची आठवण आली
आणि हातांना वळण कळलं.

पाय मात्र ऐकेनात.
थांबायच्या आधीच खाली उतरायचे आपोआप,
आणि मागचं रुंद चाक
बुटाच्या टाचेवर चढू पाहायचं.
"पाय जमिनीवर असावेत, असं सांगितलंय ना
थोरामोठ्यांनी?" लेस ओरडला. "विसर ते!
त्यांच्याकडे ही गाडी नव्हती."
शेवटी गवताचे भारे बांधायची नारिंगी दोरी आणली,
तिचा एकेक धागा सोडवून
माझे बूट बांधले फूटरेस्टला,
हिसक्याला तुटेल एवढ्याच जोराने.
सकाळभरात सात वेळा तुटला धागा.
दुपारी तीनदा.
मग गारा आल्या, आम्ही घरी गेलो.

आज विंटनच्या फाट्यावर थांबले आहे.
सामुद्रधुनीवरून आलेला आडवा वारा,
एरवी ज्याच्यासाठी एक पाय
राखून ठेवावा लागे.
मेंढ्यांचा ट्रक गेला, फटीफटीतून तोंडं.
मांडीखाली इंजिन काहीतरी पुटपुटतंय.
उजव्या बुटात अंगठा हलला, तेवढाच.
वारा ढकलतोय, आणि
कुणीच कलत नाहीये,
ना ती, ना मी.
पाय वर. हात सैल.
कुणाला धरायचं नाही, काही सावरायचं नाही...

मागून हॉर्न वाजला. मग आणखी एक.
रस्ता केव्हाचा मोकळा होता.