घट

शाहू मार्केट यार्डात आबांनी एकतीस वर्षं गूळ तोलला.
तीस किलोचा रवा, कापडात बांधलेला,
आणि पावसाळी हवेत पाझरून गेलेलं वजन
वहीत वेगळ्या रकान्यात: घट.
तीच लाल वही मी पुढं चालवते.
मागची पानं कोरी होती, कशाला वाया घालवायची.

"हिंदुराव गणू भोपळे, वय चौऱ्याऐंशी,
उठता येत नाही, बसवलं तर बसतात, रात्री ओरडतात."
एवढं मी ब्यूरोच्या फॉर्मवर लिहिलं,
तर तिथल्या बाई पेन टेबलावर आपटत म्हणाल्या,
"बारा तास की चोवीस?"
यार्डात विचारायचे तसं, पिवळा की तांबूस?

तेव्हा बारा तासांचे नऊ हजार होते.
मग साडेदहा. दिवाळीनंतर तेरा.
डायपर. मलम. जेवणाऐवजी डब्यातली पावडर.
हवेच्या गादीचा पंप बिघडला, दुरुस्ती सातशे.
फिजिओ आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, मग
"तुम्ही बघून शिकलाय की, आता तुम्हीच करा."
शिकलेय.
टाच धरायची, गुडघा वाकवायचा, दहापर्यंत मोजायचं.
घरफाळा विभागात जन्म गेला, मोजणं येतंच.

भाऊ इचलकरंजीहून दर पाच तारखेला चार हजार पाठवतो.
गेल्या महिन्यात नऊ तारीख झाली.
माग बंद आहेत म्हणे. मी विचारलं नाही.
न विचारल्याचा रकाना वहीत नाही.

आबा मात्र घटत चाललेत.
मे महिन्यात अठ्ठावन्न, गणपतीत त्रेपन्न,
परवा वैजयंतानं त्यांना लेकरागत उचललं,
काट्यावर उभी राहिली,
मग स्वतःचं वजा केलं: शेहेचाळीस.
गुळाचंही असंच झालं.
तीसचे रवे गेले, दहाचे आले, पाचचे,
आता एक किलोचे, रंगीत खोक्यात.
माल लहान, भाव मोठा.
हे आबांना सांगितलं असतं तर हसले असते.
सांगितलं. हसले नाहीत.

वैजयंता म्हणाली, "ताई, हजार वाढवा."
कप खाली ठेवून, माझ्याकडं न बघता.
राधानगरीच्या पलीकडं वाडीत तिची आई अंथरुणाला खिळलीय.
तिच्यापाशी शेजारची पोरगी ठेवलीय,
ती म्हणती, एवढ्यात न्हाई जमत आता,
मी बी ब्यूरोत नाव घालते, कोल्हापुरात तेरा देत्यात.
"मग मी काय करायचं, तुम्हीच सांगा."

तेरा मीच देते.
म्हणजे माझ्याच दारातून निघालेला भाव
एसटीनं राधानगरीला गेला,
तिच्या आईच्या उशाशी बसला,
आणि परत आला, हजारानं वाढून.

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

पुढच्या मे महिन्यात मी रिटायर होते.
मला मूलबाळ नाही.
आणखी सत्तावीस वर्षांनी मी आबांच्या वयाची होईन,
तोवर तेराचे किती होतील, कॅल्क्युलेटरवर करून बघितलं.
वाटलं होतं, आकडा मावायचा नाही.
मावला.

पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा, आबा सांगायचे.
तोंडानं पाऊस, पोराबाळांची लग्नं, निवडणूक,
आणि कापडाखाली बोटांत बोटं. भाव तिथंच ठरायचा.
सातच्या केएमटीनं वैजयंता जाते, रात्र माझी.
चादरीखाली आबांचा हात माझा हात शोधतो.
दोन बोटं धरतो. दाबतो. सोडतो.
मग तीन.
ही भाषा त्यांनी मला शिकवली नाही,
पोरीला कशाला, यार्डात थोडीच जाणार होती.
मागतायत की देतायत, कळत नाही.
मी हात काढून घेत नाही.
गादीचा पंप थांबतो, पुन्हा सुरू होतो,
आणि पुन्हा
तीन.