दोष आढळला नाही

पावणेअकराला बेल.
शेजारची मयूरी बिराजदार, उदगीरची, भाड्याने राहते.
उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत,
आमटीचं ताट हिंदकळू नये तसा धरलेला.
"काका, तुम्ही टेलिफोनमध्ये होता ना?
वायफायच गायब आहे. अकराला मुलाखत."

होतो. एकतीस वर्षं.
पण बाई गं, सगळी हयात तारांमध्ये गेली.
निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, करडी,
झोपेतून उठवून विचार, क्रम चुकणार नाही.
बिनतारी म्हणजे आमच्या लेखी पोलीस.

तरी चष्मा शोधला.

तिच्या फोनवर सात नावं दिसतात:
घाणेकर वरचे, घाणेकर खालचे, दोनशेतीन,
"पासवर्ड मागू नये", सोसायटी ऑफिस,
एक नुसतेच आकडे,
आणि तिचं स्वतःचं, "उदगीर एक्स्प्रेस".
लॅपटॉपवर एकही नाही.
नावं राहू देत, ती जिथून उघडायची
ती पंख्यासारखी खूणच नाही.
कोपऱ्यात घड्याळ आहे, बॅटरी आहे,
मध्ये पडलेल्या दाताची जागा.

म्हटलं, मग राउटरला शिव्या देऊ नकोस.
सगळ्या चाळीला पाणी येतंय
आणि आपलीच कळशी रिकामी,
तर नळ नाही बघायचा. कळशी बघायची.

तीनदा बंद करून चालू केलाय, ती म्हणाली.
मग लॅपटॉपलाच विचारलं, तुला काय होतंय?
निळी रेघ इकडून तिकडे धावली बराच वेळ
आणि पाटी आली: दोष आढळला नाही.
आमच्याकडे होते असे एक साहेब.
जागेवर न जाता रजिस्टरात हेच लिहायचे,
अक्षर मात्र सुंदर.

आत कुठेतरी यंत्रांची यादी असते, तिने उघडली.
त्यात होतं ते. नावासकट. "बंद" म्हणून.
म्हणजे माणूस घरात आहे,
फक्त कडी आतून लागलीय.

अकराला सहा मिनिटं.
तिच्या कपाळावरची पावडर ओली व्हायला लागलेली.
"काल काय केलंस याला?"
"काही नाही."
ठाणे-बेलापूर रस्त्यावर आमची केबल तोडून
जेसीबीवाला हेच म्हणायचा, काही नाही केलं साहेब.
तीनशे घरं मुकी, आणि काही नाही.
"काहीच नाही?"
"पुसला फक्त. चांगला दिसावा म्हणून. कडांनी वगैरे."

कडांनी.

मग मी डोळे मिटले. खरंच मिटले.
अंधाऱ्या चेंबरमध्ये जोड चाचपायचो
तशी बोटं फिरवली चारी बाजूंनी.
भावाचा जुना लॅपटॉप, धारेवर वाळलेला चहा,
एक खरवडलेला स्टिकर,
आणि पुढच्या कडेला, तळहात टेकतो त्याच्या खाली,
तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी.
नखाने सरकवली.
नारिंगी दिवा निळा झाला.

"हे काय आहे?"
"खटका," मी म्हटलं.
दुसरा शब्द मला माहीत नव्हता.

सात नावं एकेक करून आली,
शेवटी उदगीर एक्स्प्रेस.
ती आभार न मानता पळाली. बरोबरच आहे.

आमच्या ऐरोलीच्या या इमारतींच्या भिंती
चार इंची, बिल्डरची कृपा.
मी खुर्ची हलवली नाही, ती तिथेच असते.
पलीकडून तिचा आवाज, जरा वरच्या पट्टीत:
"हॅलो? सर, माझा आवाज येतोय का?"

कोणी काही बोलेना.

मी खड्ड्यात, कानाला चाचणीचा हँडसेट,
रबाळ्याच्या खांबापाशी हिरामण घरत.
दिवसातून चाळीस वेळा त्याला तेवढंच विचारायचं.
तो कधी घाईत उत्तर द्यायचा नाही,
आधी नीट ऐकायचा.

"हॅलो? येतोय का आवाज?"

"येतोय," मी म्हटलं. हळूच.
"स्वच्छ येतोय."

तिकडूनही कोणी म्हणालं असणार,
कारण ती स्वतःचं नाव सांगू लागली,
आडनावापाशी किंचित थांबून.