पाणसळ

तीन भिंती सरळ आहेत, असं विकणारा म्हणाला.
चौथीचं मी विचारलं नाही.
नेपल्समध्ये अठरा वर्षं
परक्या म्हाताऱ्यांची अंगं पुसून साठवलेल्या पैशांत
इमेरेतीच्या या गावात एवढंच येत होतं:
दगडी खांबांवर उभ्या दोन लाकडी खोल्या,
कठडा नसलेला सज्जा,
अक्रोडाचं एक झाड,
आणि एक टेबल, जे दारातून बाहेर निघेना
म्हणून घरासोबत विकलं गेलेलं.

नुगझार कंत्राटदार आला. बूट न काढता
खाली वाकला, तुळईत बोट घातलं.
दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
"हे लाकूड नाही, बाई. हा भुसा आहे,
सवयीनं उभा राहिलेला."
अर्धे पैसे मोजून घेतले
आणि पुतणीच्या लग्नाला गेला तो एकोणीस दिवस.

तेवढ्यात मैत्रिणी आल्या.
मनाना पावाची गाडी फिरवते,
रिकाम्या गाडीतून वाळू आणली तिनं,
पुढे आठवडाभर गावानं कचकच चावत पाव खाल्ला
आणि कुणी काही बोललं नाही.
झुझुना चाळीस वर्षं नर्स.
खिडक्यांचा जुना रंग तिनं पात्यानं सोलला
खपली काढावी तसा, मधूनमधून फुंकर घालत.
तेंगीझ मास्तरांना खिळाही ठोकता येत नाही.
ते सिमेंटच्या पोत्यावरच्या सूचना
मोठ्यानं वाचून दाखवत, भूगोलाच्या आवाजात,
"मुलांकडे देऊ नये" इथपर्यंत.

नुगझार परतला तो चार जॅक घेऊन.
तीन ट्रकचे, एक पाद्र्याच्या गाडीचा.
म्हणाला, घाई केली तर काचा फुटतील.
रोज एक बोट.
रोज एक बोट घर वर जायचं,
आणि रात्री ते कण्हायचं.
मला त्या आवाजाची ओळख होती.
दोनदा झोपेतच उठून बसले,
"आले, सिन्योरा," म्हणत.

बाराव्या दिवशी त्यानं फरशीवर पाणसळ ठेवली.
आम्ही सगळे गुडघ्यांवर.
बुडबुडा इकडे गेला, तिकडे गेला,
दोन रेघांच्या मध्ये थांबला.
मनाना रडली. झुझुना म्हणाली, रडायचं काय त्यात,
आणि नाक पुसलं.

मग टेबल जागेवर आणलं, वर राजम्याचं भांडं ठेवलं.
भांडं निघालं.
सावकाश, कुणाची परवानगी न घेता,
थेट तेंगीझ मास्तरांच्या मांडीवर.

नुगझारनं टेबल उलटं केलं.
दोन पाय आखूड, दोन-दोन बोटं.
मोडलेले नव्हे, कापलेले.
कडा घासून गुळगुळीत, वर तेलाचा हात.
"वरलामचं काम," मास्तर विजार पुसत म्हणाले,
"सोसायटीच्या दुकानात वजनं करायचा.
मापात एक दाणा इकडचा तिकडे नाही."
घर सरळ करायला पैसे नव्हते त्याच्याकडे.
करवत होती.

नुगझार कापलेल्या पायावरून अंगठा फिरवत राहिला.
"हात चांगला होता," म्हणाला.
माझ्या घराबद्दल एवढं चांगलं
तो आधी कधी बोलला नव्हता, नंतरही नाही.

झुझुना म्हणाली, उरलेले दोनही काप.
मास्तर म्हणाले, मग आमचे गुडघे कुठे ठेवायचे?
शेवटी नुगझारनं त्या सडक्या तुळईचा
आत राहिलेला वीतभर टणक गाभा काढला,
त्याच्या दोन चकत्या पाडल्या.
टेबल उभं राहिलं.

मी नवा राजमा आणायला स्वयंपाकघरात गेले, परत आले.
नुगझार बघत होता.
"तू डावीकडे झुकून चालतेस."
सिन्योराला मी डाव्या खांद्यावर उचलायची.
आधी सिन्योरा, मग तिची बहीण.
सांगितलं नाही. म्हटलं, फरशी नवी आहे, सवय होईल.

त्यानं पाणसळ पुसून पिशवीत घातली.
दाराशी थांबला.
"बाकीचे पैसे शुक्रवारी," म्हणाला,
आणि मग, बूट घालताना, जरा हळू,
"चकती उरलीय एक. ठेवून जातो."