दोन बोटं आणि तिसऱ्याचं नख

पहाटे पाचला फोन.
ओरेस्त हलायचुक हॅलो म्हणत नाही.
"एकसष्टाव्या मैलावर सांधा सुटलाय. मोजे दोन जोड घाल."
सस्कॅचेवान. जानेवारी. उणे अडतीस.
ट्रक खोकला, खाकरला,
मग नाइलाजाने चालू झाला.
वाटेत एक कोल्हा दिसला, तोही नाइलाजानेच चाललेला.

दिव्याच्या झोतात पाहिलं:
लोखंडाने हात आखडता घेतला होता.
सांध्याच्या दोन्ही पट्ट्या मधोमध मोडलेल्या
आणि रुळाची टोकं अशी अंग चोरून
जशी दवाखान्याच्या बाकावर
दोन अनोळखी माणसं.

ओरेस्त मोजपट्टी काढत नाही.
फटीत बोटं घालतो: एक, दोन, तिसऱ्याचं नख.
डाव्या हाताची.
उजवीकडची तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपते.
पट्टीची आणि रुळाची भोकं जुळतायत का
हे त्याने तरुणपणी एकदा बोट घालून पाहिलं होतं.
जुळत होती.

डिझेलमध्ये रात्रभर मुरलेला दोर
आम्ही रुळाच्या कडेने अंथरला.
काडी मी लावली.
ज्योत निघाली हळूहळू, पूर्वेकडे,
चाळीस मैलांत तेवढीच एक ऊबदार गोष्ट,
आणि आम्ही दोघं तिच्या बाजूने चालत राहिलो
एखाद्या लहान मुलाला शाळेत सोडायला निघाल्यासारखे.

लोखंड वाढताना दिसत नाही.
ओरेस्त रुळावर हातोडीने थापा देतो,
गाय गोठ्यात शिरेना की पुठ्ठ्यावर देतात तशा,
"चल गं, चल," युक्रेनियनमध्ये.
ती भाषा मला येत नाही. रुळाला येत असावी.
फट दोन बोटांवरून दीडवर आली, मग एकावर.

माझे वडील याच लायनीवर होते.
क्री माणसाच्या हाती या गँगमध्ये
तेव्हा फावडं यायचं, पाना नाही.
ते घरी येऊन बोल्टांविषयी बोलायचे
जसं कुणी दुरून ऐकलेल्या नाचाविषयी बोलावं.
आज पाना माझ्या हातात, माझ्या उंचीएवढा,
आणि मी त्यावर सगळं वजन टाकते,
माझं, आणि थोडं त्यांचंही.

नवी पट्टी रुळाच्या कुशीत बसली.
सहा भोकं, सहा बोल्ट,
एक आतून, एक बाहेरून, एक आतून,
घसरलेल्या एखाद्या चाकाने
सगळ्यांची डोकी एकदम छाटू नयेत म्हणून.
पाचवा अडला. ओरेस्तने पोलादी खिळा ठोकून वाट केली.
मी मात्र, खरं सांगते, क्षणभर बोट पुढे नेलं होतं.
तो ओरडला नाही. फक्त उजवा हात वर धरला.

"अजून थोडा तापवू? पूर्ण मिटेल."
"करंगळीचं टोक जाईल एवढी राहू दे."
"का?"
उत्तर नाही. तो दोरावरची राख झटकत होता.

सव्वानऊला मालगाडी आली,
मसुराचे एकशे चार डबे,
कुठेतरी समुद्रापार शिजायला निघालेले.
प्रत्येक चाक नव्या सांध्यावर एकदा अडखळलं,
खट्,
आणि पुढे गेलं.
ओरेस्त शेवटच्या डब्यापर्यंत
तोंडातल्या तोंडात मोजत उभा.

मग ट्रकमध्ये फॉर्म.
मैल: ६१.४. रूळ: उत्तरेचा. पट्ट्या: दोन. बोल्ट: सहा.
'कारण' या रकान्यात
तो वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आलाय: थंडी.

गेल्या जुलैतही त्याने तेच लिहिलं होतं,
चौपन्नाव्या मैलावर
भर दुपारी रूळ नागासारखा वळून
स्लीपरांसकट बाहेर आला तेव्हा.
साहेब फॉर्म नाचवत आले. सावलीत अडतीस डिग्री होती.
ओरेस्त म्हणाला,
हिवाळ्यात इथली फट रुंद दिसली असेल कुणाला.
त्याने रुळाचा तुकडा घालून ती बुजवली.
चांगलं काम केलं, अगदी बेमालूम.

पेन गोठलं होतं.
त्याने ते काखेत धरलं, आणि आम्ही वाट बघत बसलो.